पाहुण्यांसाठी डंकर्क, मागच्या दाराने

कधी यावे

कार्निव्हलचा रविवार सोडून कधीही.

हे डंकर्कमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणीही ते पाहुण्याला सांगत नाही. सणाच्या दिवशी घरी येऊ नका म्हणायला जीभ वळावी लागते. डंकर्ककरांची जीभ बाकी कशालाही वळते, याला वळत नाही. म्हणून क्लेमांसने सांगितलं की बाबांनी तिकीट काढलंय, पुढच्या रविवारचं, तेव्हा गोदलीव म्हणाली, ‘येऊ देत की.’ मग तिने हातातला बटाटा सोलून संपवला, दुसरा सोलला, आणि तिसऱ्याच्या वेळी तिला घाम फुटला.

क्लेमांस म्हणजे गोदलीवच्या मुलाची, योरिसची, ठरलेली बायको. ठरलेली म्हणजे दोघांनी ठरवलेली. मुलगी डोंगराकडची, आन्सीची, इथल्या दवाखान्यात नर्स. आई लहानपणीच गेलेली, बाप दातांचा डॉक्टर, आता निवृत्त. एवढं लांब, फ्रान्सच्या दुसऱ्या टोकाला, समुद्राच्या तोंडाशी लेक द्यायची म्हटल्यावर त्यांनी एकच वाक्य सांगितलं होतं. आधी ते बंदर माझ्या डोळ्यांनी बघेन, मग बोलेन. आणि बापाने नाही म्हटलं तर क्लेमांस पुढे जाणार नव्हती. तसं तिने योरिसला तोंडावर सांगितलं होतं, आणि योरिसने आईला सांगताना निम्मंच सांगितलं होतं. आईला उरलेलं निम्मं कळायला वेळ लागला नाही.

तेव्हा गोदलीवने जे केलं ते त्या घरात कधी झालं नव्हतं. तिने कळवून टाकलं की या वर्षी दार बंद.

राहण्याची व जेवणाची सोय

कार्निव्हलच्या दिवशी मिरवणुकीतल्या टोळ्यांसाठी घर उघडं ठेवायचं, येईल त्याला सूप आणि पेला द्यायचा, नाव विचारायचं नाही, याला डंकर्कमध्ये ‘चॅपेल लावणं’ म्हणतात. चॅपेल म्हणजे प्रार्थनाघर; देवाधर्माचा संबंध तेवढ्यापुरताच. गोदलीवच्या घरचं चॅपेल बंदरात मशहूर. तिच्या सासूने सुरू केलेलं, मग तिच्या नवऱ्याने, रेमीने, वाढवलेलं. रेमी जाऊन तीन वर्षं झाली तरी दार उघडंच राहिलेलं. गोदीतले क्रेनवाले, मासळीबाजारातल्या बाया, बोटींवरचे पोरगे, शिवाय कोण कुठले, सगळे रंग फासून, अंगात आजीचे फरकोट घालून तिच्या स्वयंपाकघरात कांद्याचं सूप ओरपून जायचे.

या वर्षी नाही. या वर्षी पांढरा टेबलक्लॉथ, चांगल्या काटेचमच्यांचा संच, डुकराचा रोस्ट, आणि शांतता. तिने पुढच्या दाराला आतून कडी घातली, तीवर खुर्ची टेकवली, खिडक्यांची झडपं ओढली. डोंगराकडच्या सभ्य माणसाला आमचं गाव सभ्य दिसलं पाहिजे, एक दिवस तरी.

फक्त सकाळी एक घोटाळा झाला. ती रोस्टची तयारी करायला बसली आणि हातांनी तिचं ऐकलं नाही. भानावर आली तेव्हा समोर कांद्यांचा डोंगर चिरलेला होता. फेकणार कसा? तिने सूप केलं आणि पातेलं मागच्या स्वयंपाकघरात, चुलीच्या कोपऱ्यात, टॉवेलखाली झाकून ठेवलं. जसं काही चोरीचं होतं.

हवामान

वारा.

कसे पोहोचाल

आगगाडीने. स्टेशनवर कुणीतरी घ्यायला येईल.

घ्यायला कोण, हा प्रश्नच होता. क्लेमांसची दवाखान्यात दिवसपाळी, कार्निव्हलच्या दिवशी रजा कुठल्याच नर्सला मिळत नाही. योरिस मिरवणुकीच्या पहिल्या ओळीत. ढोलताशेवाल्यांच्या मागे हाताला हात गुंफून उभं राहायचं आणि मागून रेटणारं अख्खं गाव पाठीवर थोपवून धरायचं, ते हे काम. ती रेमीची जागा, आणि पोराला ती यंदा पहिल्यांदा मिळालेली. त्याला सोडून ये म्हणणं गोदलीवच्या जिवावर आलं. मग राहिला धाकटा दीर, ओमेर. गोदीत मुकादम, खानदानातला सगळ्यात शहाणा समजला जाणारा माणूस. शहाणा म्हणजे बाकीच्यांच्या मानाने.

गोदलीवने त्याला बजावून सांगितलं की, भावजी, राखाडी सूट, टाय, हातात छोटी सुटकेस, वय साठीच्या पुढे. सांभाळून आणा. ओमेर म्हणाला, काळजी सोडा वहिनी.

तिने त्याला एक गोष्ट सांगायची राहिली, कारण ती सांगावी लागेल असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. ओमेरने सकाळीच जांभळा झगा, कोल्ह्याचा फर आणि डोक्यावर कागदी गुलाबांची टोपली चढवली होती. ओठ लालभडक होते. असा तो थेट मिरवणुकीतून स्टेशनात गेला. आपण कसे दिसतो हे त्या दिवशी डंकर्कमध्ये कुणालाच आठवत नाही.

गाडी उशिरा आली. आणि झालं असं की डब्यातून राखाडी सूटवाले एक नाही, दोन उतरले. दोघांकडे छोटी सुटकेस, दोघे साठीचे. एक जण ताठ उभा, टाय सरळ, नजर थंड. दुसऱ्याचा टाय कानाकडे सरकलेला, तोंड उघडं, डोळे बशीएवढे. तो भुतं बघावीत तसा सगळ्यांकडे बघत होता.

ओमेरने क्षणात ओळखलं. पुढे त्याने ही गोष्ट गावाला अनेकदा सांगितली आणि प्रत्येक वेळी आपलं डोकं किती बरोबर चाललं होतं ते पटवून दिलं. तो म्हणाला, ‘अहो, ते दुसरं ध्यान बघितल्याबरोबर मला कळलं, हा आपल्यातलाच. परगावच्या गोंधळलेल्या माणसाचं सोंग आणलंय. पण जरा जास्त झालं. एवढं गोंधळलेलं तोंड खऱ्या माणसाचं असतं का?’

जाताजाता त्याने त्या दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारली, सोंग छान आहे, फक्त डोळे थोडे कमी मोठे कर, असा सल्ला दिला, आणि ताठ माणसाला हाताला धरून घरी आणलं.

स्थानिक लोक

थोडे अबोल वाटतात, असं गोदलीवला पाहुण्याबद्दल वाटलं. डोंगरातली माणसं तशीच असायची.

तिने विचारलं प्रवास कसा झाला. ते म्हणाले, नियमानुसार. तिने विचारलं आन्सीला बर्फ आहे का. ते म्हणाले, वरच्या बाजूला. क्लेमांस लहानपणी कशी होती हो, असं तिने मायेने विचारलं, तेव्हा ते ओठ टिपून म्हणाले, ‘लहान होती.’

बाकी माणूस सोन्यासारखा. रोस्टचे तीन काप खाल्ले. पावसुद्धा सुरी-काट्याने खाल्ला. भिंतीवरच्या रेमीच्या फोटोपुढे उभं राहून मान लववली. फक्त बाहेर ढोल वाजला की त्यांचा उजवा पाय टेबलाखाली आपोआप ठेका धरायचा, आणि मिरवणूक गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा तर ते अर्धे उठलेच. गोदलीवला वाईट वाटलं. बिचाऱ्यांना गलक्याचा त्रास होतोय. तिने झडपं आणखी घट्ट लावली आणि त्यांना म्हणाली की इकडे लक्ष देऊ नका, ही काही थोडी उडाणटप्पू मंडळी आहेत, बाकी गाव फार शांत, बंदर मोठं, घंटाघराचे सूर ऐकण्यासारखे, दीपगृह तर लांबून दिसतं. हे बोलताना तिला आपल्याच गावाची चहाडी केल्यासारखं झालं. पाहुणे ओठ घट्ट मिटून बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

तिच्या वरच्या दाढेत आठवडाभर ठणका होता. घरात दातांचा डॉक्टर बसलाय म्हटल्यावर तिने भीत भीत विषय काढला. त्यांनी गाल न बघताच सांगितलं, ‘जेनीव्हर. दाढेवर धरायची, मग गिळायची. उतार पडेपर्यंत.’ बोलताना त्यांचे समोरचे दोन दात नाहीत हे तिला दिसलं. चांभाराचीच चप्पल फाटकी असायची, असं तिने मनाशी म्हटलं आणि त्या कडक दारूची बाटली काढली. दोघांनी उपचार घेतला.

मग तिने धीर केला. हात टेबलक्लॉथवर ठेवले आणि विचारलं की, मग मुलांच्या लग्नाचं काय म्हणता?

पाहुणे उठले. त्यांनी सुटकेस उघडली, तीतून रबरी शिक्का आणि शाईची डबी काढली, शिक्क्यावर फुंकर मारली, आणि गोदलीवच्या हाताच्या पाठीवर तो दाबला. निळ्या अक्षरांत ‘मंजूर’.

असेल त्यांच्याकडे अशी रीत, असं म्हणून ती आनंदाने रडली.

आणखी थोडे हवामान

अंधार पडत आला तसा वारा वाढला. नगरभवनाच्या सज्ज्यावरून दरसालप्रमाणे हेरिंग मासे उधळून झाले होते. ते झेलणाऱ्यांचा गलका इथवर ऐकू आला होता. गोदलीव कॉफी करायला मागच्या स्वयंपाकघरात गेली. मागचं दार कुणीतरी वाजवत होतं.

पाहण्यासारखे

दारात एक माणूस. डोक्यावर मोराच्या पिसांची बाईची टोपी, गळ्यात पिवळा पिसांचा हार, दोन्ही गालांवर लाल रंगाचे गोल, त्यातला एक पुसलेला. एका हातात लांब दांडीची फाटकी छत्री, दुसऱ्यात धुरावलेला हेरिंग, शेपटीने धरलेला. पायांत एकच बूट. मागे गल्लीत दोन मासळीवाल्या बाया त्याला सोडून चालल्या होत्या. त्या ओरडून म्हणाल्या की गोदलीव, याला सूप दे ग, नवीन आहे पण तग धरून आहे.

गोदलीव म्हणाली, या वर्षी दार बंद आहे, माहीत नाही का. पुढचं बंद, मागचंही बंद.

 तो थरथरत होता. बूट नसलेल्या पायाचा मोजा ओला होऊन लोंबत होता. गोदलीवने मोज्याकडे बघितलं, मग बाहेरच्या खोलीच्या दाराकडे, मग पुन्हा मोज्याकडे.

‘आत ये,’ ती कुजबुजली. ‘आवाज करू नकोस. बाहेर पाहुणे आहेत.’

कार्निव्हलच्या दिवशी तिथे सगळे एकमेकांना अरे-तुरेच करतात, मग समोर कलेक्टर का असेना.

खाणेपिणे

तिने टॉवेल बाजूला केला. पातेल्यातून वाफ वर आली आणि त्या माणसाने डोळे मिटले.

तो चुलीपाशी स्टुलावर बसला आणि सूप प्यायला लागला. पहिला वाडगा बघता बघता संपला. दुसऱ्याच्या मध्यावर त्याने विचारलं की दार बंद का. कारण चौकात ज्या बाईने ही टोपी चढवली ती म्हणाली, गोदलीवकडे जा. पुलाजवळ बूट गेला तेव्हा एक शिंगं लावलेला माणूस म्हणाला, गोदलीवकडे जा. सगळं गाव एकाच घराकडे बोट दाखवतंय, आणि त्याच घराला कडी?

गोदलीवने भिंतीला पाठ टेकली. दिवसभर सभ्य बोलून तिचा जबडा दुखत होता, आणि हा कोण कुठला, उद्या ओळखणारही नाही. तिने सगळं सांगून टाकलं. पोराचं लग्न, डोंगराकडचे व्याही, त्यांचं एकच वाक्य. माझी सासू हे बघून थडग्यात कूस बदलत असेल, ती म्हणाली. पण पोराकडे बघवत नव्हतं. आठ दिवस जेवला नाही नीट. एका दिवसाचं दार काय मोठं?

तो माणूस वाडग्यात बघत होता. मग त्याने विचारलं, ‘आणि तो व्याही कसा आहे?’

‘चांगला आहे,’ गोदलीव म्हणाली. मग तिने आवाज आणखी खाली आणला. ‘औषधाच्या बाटलीवरचं लेबल असतं ना, तसा. वाचलं की कळतं, पण गप्पा नाही मारता येत. तुला सांगते, तुझ्यासारखा ओला कोंबडा बसला असता समोर, तर मला चार घास गोड लागले असते.’

‘त्याने होकार दिला?’

तिने हात पुढे करून शिक्का दाखवला. त्या माणसाने तिचा हात दिव्याजवळ ओढून तो नीट वाचला. त्याच्या चेहऱ्यावर असा काही भाव आला की गोदलीवला हसू फुटलं. तिने पावाचा तुकडा तोंडात टाकला आणि हसत हसत चावायला लागली.

‘डाव्या बाजूने चावत नाहीस तू,’ तो म्हणाला.

ती थांबली.

‘वरची. शेवटून दुसरी. तोंड उघड.’ त्याने हेरिंग खाली ठेवला, हात पँटला पुसले, तिची हनुवटी दोन बोटांनी धरून दिव्याकडे वळवली. तो स्पर्श गोंधळलेल्या माणसाचा नव्हता. ‘भरता येईल. काढायची गरज नाही. पण हिच्यावर जेनीव्हर कुणी ओतली?’

आरोग्य

गोदलीवचं तोंड उघडंच राहिलं. ते मिटायचं असतं हे तिला सुचेना.

तेवढ्यात क्लेमांस मागच्या दाराने आत आली, पाळी संपवून थेट, अजून नर्सच्या पांढऱ्या बुटांत. तिने पिसांची टोपी बघितली, लाल गाल बघितला, मोजा बघितला.

‘बाबा?’

स्थानिक लोक (दुरुस्ती)

बाहेरच्या खोलीतला माणूस म्हणजे आशील द्सवार्त, ग्राव्हलीनचा शिंपलेविक्या. तो गावोगावच्या कार्निव्हलना ‘सरकारी साहेब’ होऊन जातो. त्या दिवशी स्टेशनवरच कोल्ह्याच्या फरवाल्याने त्याला जेवायला बोलावलं, वाटेत सांगितलं की तुम्ही मुलीचे वडील, आमच्या वहिनी धास्तावल्यात. आशीलला वाटलं, काय चॅपेल आहे! टेबलक्लॉथ काय, बंद झडपं काय, बाईचा अभिनय तर असा की डोळ्यांत पाणी यावं. आपण आधी हसलो तर हरलो, म्हणून तो ढोल ऐकत, जीव मुठीत धरून दिवसभर बसला होता.

हे सगळं उलगडेपर्यंत योरिसही आला होता, खांदे सुजलेले, अंगातला बापाचा पिवळा रेनकोट एका बाजूने फाटलेला. त्याने सासऱ्यांकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्याच्याबरोबर आलेला ओमेर कोपऱ्यात उभा राहून टोपलीतले कागदी गुलाब मोजल्यासारखे चाचपत होता. गोदलीव माफी मागायला लागली. तुम्हाला, तुमचं, आपण, असं सगळं आदराने एकदमच सुरू झालं.

क्लेमांसच्या बाबांनी, मस्यु द्युक्रे यांनी, हात वर केला. ‘एकेरीच राहू दे. सवय झाली मला दुपारपासून.’

मग ते लेकीकडे वळले. ते बोलले ते तुटक तुटक, कारण सूप गरम होतं आणि ते सोडवत नव्हतं. बंदर बघायला आलो होतो. बंदर दिसलं नाही. घंटाघर दिसलं नाही. दुपारभर फक्त पाठी दिसल्या. स्टेशनातून निघालो, रस्ता विचारला, तर एका बाईने गालाला रंग लावला. मग गर्दीत ओढला गेलो. ‘तीनदा पडलो, क्लेमांस. एवढ्या रेट्यात माणूस खाली गेला तर संपला, असं मला वाटलं. तिन्ही वेळा पाठ जमिनीला टेकायच्या आत वर होतो. कुणी उचललं ते दिसलंही नाही.’ त्यांनी योरिसच्या खांद्यांकडे बघितलं. ‘पुढे थोपवून धरणाऱ्यांत हा होता?’

होता, क्लेमांस म्हणाली.

मस्यु द्युक्रे यांनी मान हलवली. मग त्यांनी आशीलकडे हात केला आणि शिक्का मागितला. आशीलने तो साहेबी थाटात, दोन्ही हातांनी दिला. मस्यु द्युक्रे यांनी शाईच्या डबीत शिक्का दाबला, पण तो लगेच कुणाच्या हातावर उमटवला नाही.

‘याआधीची मंजुरी रद्द,’ ते म्हणाले. ‘अधिकार नसलेल्या माणसाने दिलेली. माझी एक अट आहे. माझ्यासाठी बंद केलेलं दार मी लेकीला सासर म्हणून देणार नाही.’

 गोदलीव उठली. तिने बाहेरच्या खोलीत जाऊन खुर्ची बाजूला केली, कडी ओढली. दिवसभराच्या दमट हवेने लाकूड फुगलं होतं, दार हलेना. योरिसने सुजलेला खांदा लावला, आशीलने लावला, ओमेरने झगा आवरून लावला. बाहेरून कुणीतरी ओरडलं की, काय ग, उघडतेस ना? बाहेर बरेच जण होते. बंद आहे हे ऐकूनही आले होते आणि वाऱ्यात उभे होते. त्यांनीही पलीकडून ओढायला सुरुवात केली.

दार निखळलं आणि सगळे एकमेकांवर पडले. सभ्य टेबलक्लॉथ तेव्हाच गेला.

सूप पुरलं नाही. गोदलीवने रडत रडत आणखी कांदे चिरले, आणि कांदे असल्यामुळे कुणी कारण विचारलं नाही. शिक्का गर्दीत हरवला, मग सापडला. तोवर निम्म्या गावाच्या कपाळावर ‘मंजूर’ उमटलं होतं. योरिस आणि क्लेमांसचा नंबर लागेपर्यंत शाई संपत आली होती. त्यांच्या हातांवर फक्त अर्धी अक्षरं आली. मस्यु द्युक्रे यांनी ती पेनने पुरी केली.

परतीचा प्रवास

सोमवारी सकाळच्या गाडीने, असं तिकिटावर होतं.

सोमवारी दुपारी गोदीभागाच्या मिरवणुकीत, तिसऱ्या ओळीत, रेमीचे जुने बूट घातलेला एक माणूस शिंपलेविक्याच्या हातात हात गुंफून दिसला. गोदलीवची दाढ त्याने बुधवारी भरली, गावातल्या एका डॉक्टरच्या खुर्चीवर, आणि तोंडात कापूस असताना तिला बोलता येत नव्हतं. लग्नाच्या सगळ्या अटी त्याने तेवढ्यात मान्य करून घेतल्या.